अरुंद रस्त्यावरची शर्यत: मोनॅको, बाकू आणि आपलं सिव्हिल लाइन्स

परवा फोनवर तू जे विचारलंस ते आधी जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे मी भरकटलो तर मलाच कळेल. "काका, मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत कोणी कोणाला ओलांडूनच नाही राहिलं. तरी लोक त्याच शर्यतीचं एवढं कौतुक काहून करतात? अरुंद रस्त्यावर चांगली शर्यत होते का नाही? आणि आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये ठेवली तर?"

आधी मत सांगून टाकतो. अरुंद रस्त्यावर गाडी चालवताना पाहणं फार भारी असतं, पण शर्यत म्हणून ती बहुतेक वेळा रटाळ होते. मात्र सगळा दोष रुंदीच्या माथी मारतात, ते मला पटत नाही. बावीस वर्षं मी या कामात आहे, आधी पाने घेऊन गाडीखाली, आता लॅपटॉप घेऊन पिटच्या (शर्यतीत गाडी थांबवून टायर बदलतात त्या जागेच्या) भिंतीवर. ऐसपैस रस्त्यावरच्या मरगळलेल्या शर्यती पाहिल्यात आणि साडेसात मीटरच्या गल्लीतून जाणाऱ्या ट्रॅकवर खुर्चीच्या टोकावर बसवणाऱ्याही. फरक दोन गोष्टींनी पडतो. रस्त्याच्या मानाने गाडी केवढी आहे, आणि दोघांना शेजारी शेजारी येऊन ब्रेक मारायला जागा कुठे आहे.

शंकरपट पाहिला असशील. बैलजोडी घड्याळावर धावते, सेकंदाच्या बारक्या तुकड्यांवर निकाल लागतो, आणि दुसऱ्या जोडीला कापून पुढे जाणं हा त्यातला खेळच नसतो. म्हणून काय कोणी घरी बसतं? थंडीत सकाळपासून माणसं कडेला उभी असतात. मोनॅकोचा शनिवार, म्हणजे रविवारच्या शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारं क्वालिफाइंग, हा असा पट आहे. ३.३३७ किलोमीटरची फेरी, एक गाडी, एक माणूस आणि दोन्ही अंगाला लोखंडी पट्ट्यांचा कठडा. शनिवारी जो सगळ्यात पुढे, त्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

हे टीव्हीवर नीट कळत नाही, डेटात कळतं. २०२४ मध्ये ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवतीच्या साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात शर्यती झाल्या. (मुळात त्या डिसेंबर २०२३ मध्ये व्हायच्या होत्या, मिचाँग वादळाने पुढे ढकलल्या.) मी एका फॉर्म्युला फोर गाडीच्या डेटावर बसलो होतो. आमच्या पोराच्या पहिल्या सरावाच्या आलेखात प्रत्येक भिंतीआधी ॲक्सिलरेटरच्या रेषेत एक बारीक खड्डा दिसायचा. पाय उचललेला नाही, नुसता दचकलेला. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हाच मुलगा तसल्याच वळणात पाय दाबून ठेवतो, कारण तिथे चुकलं तर कडेच्या मोकळ्या जागेत जाऊन परत येता येतं. दुसऱ्या सरावात बरेचसे खड्डे बुजले. क्वालिफाइंगला एकच उरला होता. गाडी परत आली तेव्हा मागच्या उजव्या टायरच्या बाहेरच्या गालावरची अक्षरं पुसून गेलेली. भिंतीला टायर लागला होता, रिम नाही. रिम लागली असती तर सस्पेन्शनची दांडी वाकली असती आणि आमची रात्र तिच्यात गेली असती. पोरगा हेल्मेट काढून हसत होता, मी हात लावून दांडी तपासत होतो.

मोनॅकोला लोक जातात ते भिंत आणि रिम यांच्यातल्या या दोन सेंटिमीटरांसाठी. ते कौतुक खोटं नाही. पण ते शनिवारचं आहे, आणि तुझा प्रश्न रविवारचा.

रविवारी तिथे ७८ फेऱ्या होतात. फॉर्म्युला वनची शर्यत एरवी ३०५ किलोमीटरच्या पुढे जाते, मोनॅकोला २६० किलोमीटरवरच थांबवतात, कारण वेग कमी आणि वेळ जास्त. १९९२ ची शर्यत जुने लोक अजून सांगतात. नायजेल मॅन्सेल त्या मोसमातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकून आलेला आणि इथेही पुढे होता. शेवटाकडे चाकाच्या शंकेने पिटमध्ये गेला, नवे टायर लावून बाहेर आला तो आयर्टन सेनाच्या मागे. गाडी त्याची जास्त वेगवान, टायर ताजे. उरलेल्या फेऱ्या तो सेनाच्या मागच्या पंखाला चिकटून उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला, आणि ०.२१५ सेकंदाने हरला. पाहताना छाती धडधडते. पण नीट बघ, ओव्हरटेक झालाच नाही. वेगवान गाडी मागे राहिली, आणि कथा तेवढीच आहे. एकदा ती थोर वाटते. दरवर्षी तीच झाली की कंटाळा येतो.

२०२४ मध्ये तो कंटाळा कागदावर उतरला. पहिल्याच फेरीत अपघात झाला, लाल झेंडा लागला, थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले. मग पिटमध्ये जायचं कारणच उरलं नाही. पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात तसं पहिल्यांदाच घडलं. म्हणून २०२५ ला फक्त मोनॅकोपुरता नियम आणला: प्रत्येकाने निदान दोनदा टायर बदलायचेच. झालं काय? एका संघाचा मागचा गडी मुद्दाम हळू चालायचा, मागे सगळी वरात अडवून ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात पुढचा साथीदार पिटमध्ये जाऊन जागा न गमावता बाहेर यायचा. मग दोघं भूमिका बदलायचे. नियमात बसत होतं, पण बघवत नव्हतं. नॉरिस जिंकला, आणि पुढचे चौघं जिथून निघाले तिथेच पोचले. ट्रॅकवर जागाच नसेल तर नियमांची पुस्तकं लिहून ती तयार होत नाही.

आता कारणांकडे येऊ. मोनॅकोची पहिली शर्यत १९२९ ची. तेव्हाच्या बुगाटी बघ, अरुंद चाकांच्या, सडपातळ गाड्या. रस्ते साधारण तेच राहिले, गाड्या फुगल्या. फॉर्म्युला वन गाडीची रुंदी १९९८ मध्ये १.८ मीटर केली होती, २०१७ मध्ये ती पुन्हा २ मीटर झाली. लांबी साडेपाच मीटरच्या पुढे गेली. आपल्या रस्त्यावरची जुनी अल्टो दीड मीटरची, साडेतीन मीटर लांब. म्हणजे लांबीत दीड अल्टोच्या वर असलेलं धूड त्या वळणांमध्ये घालायचं. हॉटेलाखालच्या हेअरपिनला (जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणाला) ते ताशी पन्नासच्या आसपास वळतं आणि त्यासाठी स्टीअरिंग जास्त वळेल असा वेगळा रॅक बसवावा लागतो. २०२६ पासून रुंदी १.९ मीटर केली. दहा सेंटिमीटर. त्याने मोनॅको सुटेल असं मला वाटत नाही.

लोक म्हणतात पुढच्या गाडीच्या मागची खवळलेली हवा हे कारण आहे. इतर ट्रॅकवर, हो. फॉर्म्युला वनने स्वतः दिलेले आकडे आहेत: जुन्या गाडीचा डाउनफोर्स (हवेमुळे गाडी रस्त्याला दाबून धरणारा जोर) पुढच्या गाडीमागे दहा मीटरवर ४६ टक्क्यांनी घटायचा, २०२२ च्या नव्या आराखड्यात तो १८ टक्क्यांवर आणला. पण मोनॅकोच्या वळणांचा वेग इतका कमी की हवेपेक्षा रबराची पकड जास्त काम करते. तिथे मागे चिकटून राहणं कधीच अवघड नव्हतं. चिकटल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न आहे. म्हणून २०२२ ची गाडी आली तरी २०२४ तसंच झालं.

आणि इथे ब्रेकचा हिशेब येतो. हा तुझ्या कॉलेजच्या गाडीलाही लागू आहे, म्हणून थोडा थांबतो.

ओव्हरटेक सरळ रस्त्यावर सुरू होतो आणि ब्रेकमध्ये पुरा होतो. मागचा आत शिरतो, पुढच्यापेक्षा दोन-चार मीटर उशिरा ब्रेक मारतो, वळणाच्या तोंडाशी त्याच्या बरोबरीला येतो. हे सगळं ब्रेकच्या पट्ट्यात घडतं. आता फॉर्म्युला वनच्या कार्बन ब्रेकने गाडी ताशी २९० वरून ९० वर यायला शंभरएक मीटरच घेते, वेळ दोन सेकंदांच्या आतबाहेर. त्यात माणूस किती उशीर करणार? उलट आपल्या कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवरची एलजीबी फॉर्म्युला फोर घे. स्विफ्टचं इंजिन, पंख नाहीत, साध्या लोखंडी डिस्क. ती ताशी १६० वरून ६० वर यायला नव्वदएक मीटर घेते. अंतर तेवढंच, पण त्यात ती तीन सेकंद असते. दीडपट वेळ, म्हणून दीडपट संधी. कारीचा ट्रॅक अवघा २.१ किलोमीटरचा, काही फार रुंद नाही, तरी शेवटच्या फेरीपर्यंत पाच-सहा गाड्या एका दोरीत ओवल्यासारख्या असतात. आमच्या धंद्यातला उलटा न्याय आहे हा: गाडी जितकी कमी चांगली थांबते, तितकी शर्यत चांगली.

रुंदीबद्दल आणखी एक, जे नकाशावर दिसत नाही. रस्त्यावरच्या ट्रॅकवर सगळे एकाच ओळीने जातात आणि तेवढ्याच पट्ट्यावर रबर बसतं. बाकी रस्ता धुळीचा, वर टायरच्या झिजलेल्या गोळ्या. त्यावर गेलात तर ज्वारीवर पाय ठेवल्यासारखं होतं. म्हणजे मोजपट्टी नऊ मीटर सांगो, पकड असलेला रस्ता तीनच मीटरचा. नेहमीच्या ट्रॅकवर वर्षभर गाड्या फिरतात, वाऱ्याने-पावसाने धुऊन निघतं. शहराच्या रस्त्यावर शुक्रवारी सकाळपर्यंत ऑटो, टँकर आणि सांडलेलं डिझेल. रविवारी एखादा शूर आत शिरतो, ब्रेक मारतो आणि सरळ भिंतीत जातो. मग सगळे म्हणतात घाई केली. घाई कुठली, त्याच्या चाकाखाली रस्ताच वेगळा होता.

आता उलट बाजू. अझरबैजानचं बाकू. जुन्या किल्ल्याच्या तटाला लागून जो भाग आहे तिथे ट्रॅक ७.६ मीटर रुंद आहे. आपल्याकडे दुपदरी रस्ता सात मीटरचा धरतात, म्हणजे साध्या जिल्हा मार्गाएवढा. तिथे चढावर फॉर्म्युला वन गाडी जाताना पाहिलीस तर श्वास अडकतो. पण तिथे ओव्हरटेक करायचा कोणाचा विचारच नसतो. ती गल्ली आणि तिच्या पुढची काही वळणं संपली की जवळजवळ २.२ किलोमीटर पाय दाबून जायचं, आणि शेवटी काटकोनात डावीकडे. मागच्याला पुढच्याने फोडलेल्या हवेचा फायदा मिळतो, ब्रेकला रस्ता रुंद होतो, हवे तेवढे शेजारी या. २०१७ मध्ये रिकार्डो दहाव्या जागेवरून सुटून तिथे जिंकला. २०२४ मध्ये पियास्त्रीने लेक्लेर्कला त्याच पहिल्या वळणावर आत शिरून मागे टाकलं आणि मग शर्यतीच्या शेवटापर्यंत थोपवून धरलं. गल्लीने गाड्या जवळ ठेवल्या, लांब सरळ रस्त्याने हिशेब चुकता केला.

चीनमधल्या मकाऊचंही तेच. १९५४ पासून शर्यत होते, ६.१२ किलोमीटरची फेरी. डोंगरावरच्या मेल्को हेअरपिनला रुंदी सातेक मीटर, तिथे पिवळा झेंडा कायमच हलत असतो, ओव्हरटेक करायचाच नाही. खाली समुद्राकडे लांब सरळ भाग आणि लिस्बोआचं उजवं वळण. २०२३ पर्यंत फॉर्म्युला थ्रीची पोरं तिथे पहिल्या फेरीत तीन-तीन शेजारी जायची. सगळे बसायचे नाहीत, हे वेगळं.

आणि रुंद रस्त्याचा पुरावा हवा असेल तर स्पेनचं वालेन्सिया. बंदराभोवतीचा ५.४१९ किलोमीटरचा ट्रॅक, २०१२ ची एक शर्यत सोडली (अलोन्सो अकराव्या जागेवरून जिंकला) तर बाकी वर्षांचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवण्यासारखं होतं असंही नाही. पंचवीस वळणं, पण बहुतेकांच्या आधी असं काही नाही की मागच्याला पुढच्यावर चालून जाता यावं. उलट न्युरेंबर्गचं नोरिसरिंग २.३ किलोमीटरचं, दोन हेअरपिन, मध्ये सरळ रस्ते, नकाशा काढायला दोन मिनिटं पुरतात. जर्मन टूरिंग मालिकेतल्या गाड्या तिथे एकमेकींचे दरवाजे चेपत जातात. आर्किटेक्ट लोकांना वळणं काढायचा सोस असतो. प्रत्येक जास्तीच्या वळणाने गाड्या सुट्या सुट्या होतात.

सेफ्टी कारमुळे अरुंद रस्त्यावरही शर्यत रंगते, असं तुझा मित्र बोलला ते अर्धं बरोबर आहे. भिंत जवळ म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलायला जागा नाही, म्हणून सेफ्टी कार पुढे येऊन हळू चालते, सगळे तिच्या मागे पुन्हा एकत्र होतात, आणि शर्यत नव्याने सुरू होते. सिंगापूरला २००८ च्या पहिल्या शर्यतीपासून २०२३ पर्यंत एकही शर्यत सेफ्टी कारविना झाली नाही. याला काही लोक सर्कस म्हणतात. मला एवढा राग नाही येत, चुकीला किंमत असावी. पण केवळ त्यावर जगणारी शर्यत म्हणजे फोडणीवर भात खाणं. सिंगापूरची खरी मजा मी २०२३ ला पाहिली. साइन्झ पुढे, मागे नॉरिस, त्यांच्या मागे ताज्या टायरवर दोन मर्सिडीज. साइन्झने मुद्दाम वेग कमी करून नॉरिसला एका सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे नॉरिसला डीआरएसचा (पुढच्याच्या सेकंदभर मागे असलं की मागचा पंख उघडून वेग वाढवायची सोय) फायदा मिळेल आणि तो मर्सिडीजना अडवेल. आपल्याच पाठलागाला हात देऊन त्याने आपली भिंत बांधली. ०.८१२ सेकंदाने जिंकला. रसेल शेवटच्या फेरीत कठड्यात गेला. ओव्हरटेक नसूनही ती मला उत्तम शर्यत वाटते, कारण तिथे निकाल शेवटच्या फेरीपर्यंत कोणाच्याच खिशात नव्हता.

चेंबरची झाकणं. हा विषय काढला नाही तर मला झोप लागणार नाही. फॉर्म्युला वन गाडी खालून हवा ओढते, रस्त्यावरून जाताना झाकण शब्दशः उचलते. २०१० मध्ये मोनॅकोत बारिकेलोची गाडी त्यानेच गेली. २०१६ ला तिथेच बटनची. २०१९ ला बाकूत रसेलच्या गाडीचा तळ फाटला, आणि ती परत नेणाऱ्या ट्रकची क्रेन पुलाच्या खाली आपटून तिचं तेल गाडीवर सांडलं. २०२३ ला लास वेगासला पहिला सराव आठ-नऊ मिनिटांत बंद पडला, साइन्झच्या फेरारीच्या तळाचा चुरा झाला आणि वर बॅटरी बदलली म्हणून त्यालाच दहा जागांची शिक्षा. झाकण वेल्ड करायचं, किंवा काँक्रीट ओतून बंद करायचं, आणि नंतर पुन्हा उघडायचं. मीही एकदा भोगलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका शहरात, नाव नको, मैदानालगतच्या रस्त्यावर साध्या ऑटोक्रॉससाठी आम्ही गेलो होतो. आयोजकाला आदल्या संध्याकाळी मी खडूने सात झाकणांवर गोल काढून दिले होते. सकाळी सहा वेल्ड झालेली. सातव्यावर कोणाची तरी स्कूटर उभी होती म्हणून राहून गेलं. आमच्या जिप्सीची इंजिनखालची तेलाची टाकी तिथेच फुटली. तेल पुसायला दोन तास गेले, आणि ज्याची स्कूटर होती तो चहा पीत बघत होता.

हैदराबादची फॉर्म्युला ई आठवते का? ११ फेब्रुवारी २०२३, हुसेनसागरच्या काठी, २.८३ किलोमीटर, १८ वळणं. व्हेर्नने कॅसिडीला शेवटापर्यंत थोपवून जिंकली. तिसऱ्या वळणाच्या हेअरपिनला दोन जॅग्वार, एकाच संघाच्या, एकमेकीवर आदळल्या. ब्रेकची चांगली जागा असली की असंही होतं. त्या मालिकेच्या तिसऱ्या पिढीची गाडी १.७ मीटर रुंद, पाच मीटर लांब, म्हणजे सुरुवातच शहराच्या मापाने. दुसरं, बॅटरी शेवटपर्यंत पुरवायची असते. पुढे चालणाऱ्याला हवा फोडायला जास्त वीज लागते, मागचा वाचवतो. म्हणून पुढे राहायचीच कोणाला घाई नसते आणि जागा सारख्या बदलतात. सायकलच्या शर्यतीसारखं. मला त्यात एक खोट वाटते: पुढे जाणं स्वस्त झालं की त्याला चवही कमी येते. पण अरुंद शहरासाठी ही गाडी बरोबर आहे, हे कबूल करावं लागतं. पुढच्या वर्षीची फेरी रद्द झाली, आता तिथे पुन्हा ऑटो आणि चाटचे ठेले.

मग आपलं काय. मी गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटे मोजायचं चाक घेऊन बाहेर पडलो होतो, तुझ्या काकूच्या मते वेड लागल्यामुळे. कस्तुरचंद पार्क हे पॅडॉकसाठी (संघांच्या तळासाठी) देवाने दिलेलं मैदान आहे, चेन्नईच्या आयलंड ग्राउंडसारखं, शहराच्या मध्यात. संविधान चौकापासून निघून एलआयसी चौकाकडे गेलं की कामठी रोडवर मध्येच मेट्रोचे खांब. म्हणजे रस्ता दिसायला मोठा, पण गाडीला एकच बाजू. खांबाला टायरची भिंत बांधली की आणखी मीटरभर गेला. सिव्हिल लाइन्सच्या आतल्या रस्त्यांवर एके ठिकाणी मला साडेआठ मीटर मिळाले, त्यात दोन्हीकडच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची जागा काढ. झाडं मोठी जुनी, तोडायचा प्रश्नच नाही, आणि तोडणाऱ्याला मीच आडवा येईन. एका किलोमीटरमध्ये झाकणं मोजायला लागलो आणि तिशीनंतर सोडून दिलं. स्पीडब्रेकर वेगळे.

सिमेंटच्या रस्त्यांचा आपल्याला अभिमान आहे. टिकाऊ आहेत, पण दर काही मीटरला सांधा. नेहमीच्या गाडीला तो टक् एवढाच वाटतो. जमिनीपासून चार बोटांवर चालणाऱ्या गाडीला प्रत्येक सांध्याला तळ घासतो, आणि ब्रेक मारताना चाक हवेत असलं तर ते लॉक होतं. त्यात चौकात पेव्हर ब्लॉक. सिमेंट, डांबर, ब्लॉक, पुन्हा सिमेंट, आणि प्रत्येकाची पकड निराळी. गाडीचं सेटिंग कशावर करायचं? सरळ सांगायचं तर वरून डांबराचा थर द्यावा लागेल, आणि मग तो सिमेंटवर किती दिवस टिकतो तेही बघावं लागेल.

तारखेचं सांगतो. मार्चनंतर विषय सोड, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा असताना ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या मार्शलला अंगभर जाकीट घालून उभं करणं हा गुन्हा आहे. जून ते सप्टेंबर पाऊस. उरला डिसेंबर-जानेवारी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, तेव्हा त्या भागात बॅरिकेड आधीच लागलेले असतात. एका मित्राने गंभीरपणे सुचवलं की तेच वापरू, मोर्च्यांचा आणि आपला रस्ता एकच. मी म्हटलं, मग लाल झेंडा कोण दाखवणार? थट्टा सोड, पण रस्ता दहा-बारा दिवस अर्धा बंद राहतो, मेयो रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट लागते, आणि कोर्ट तिथेच. गर्दी सांभाळायचं मला फार भय नाही. मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांमधून जे निघतं ते पाहिलेल्या शहराला प्रेक्षक कुठे उभे करायचे हे शिकवायची गरज नाही. अर्थात मारबत ताशी दोनशेने जात नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाला माझं उत्तर असं. मोठ्या पंखांच्या गाड्या सिव्हिल लाइन्समध्ये आणल्या तर शनिवारी नागपूर वेडं होईल आणि रविवारी दुपारी लोक घरी जाऊन सावजी खातील. एलजीबीसारख्या छोट्या गाड्या, किंवा वीजेवरच्या, आणल्या तर थोडी आशा आहे, पण तीही एका अटीवर: कुठेतरी सहाशे-सातशे मीटर सरळ आणि त्याच्या शेवटी काटकोनी वळण, जिथे रस्ता बारा मीटरच्या पुढे जातो. बाकी ट्रॅक सात मीटरचा असला तरी चालेल. मिहानमध्ये हे उद्या सापडेल. रस्ते मोठे, वस्ती कमी, सरळ भाग लांब. शर्यत तिथे चांगली होईल, पण तिथे कोणाच्या गच्चीवरून कोणी बघणार नाही, आणि शहरात शर्यत करायची ती त्या गच्चीसाठीच. सिव्हिल लाइन्समध्ये मला तशी एक जागा वाटते, कस्तुरचंद पार्कच्या बाजूला, पण दुभाजक काढल्याशिवाय ती मोजता येत नाही आणि रहदारीत तर नाहीच.

या रविवारी सकाळी सहाला संविधान चौकात ये. चाक माझ्याकडे आहे, तू खडू आण, आणि तुमच्या गाडीच्या ब्रेकची जी चाचणी घेतली होती तिचे आकडेही. झाकणं या वेळी तू मोजायची.